मावशींच्या भुवईचा केस

आमच्या प्रयोगशाळेत बेडकांच्या टाक्या धुणाऱ्या मावशींच्या भुवया दाट आहेत. बेडकाच्या नाजूक गर्भाला हात लावता येत नाही, म्हणून काडीला त्यांच्या भुवईचा केस चिकटवून आम्ही त्याला डिवचतो. गेली वीस वर्षं त्या कुरकुरत केस उपटून देत आल्यात. काल अडूनच बसल्या, "माझा केस करतो तरी काय, बघू द्या."

सूक्ष्मदर्शकाखाली कणीएवढा गर्भ होता. केस लागताच तो फक्त उजवीकडे वाकला.

मी म्हणाले, "याच्या डाव्या अंगात एक जनुक आम्ही बंद केलंय. तिथे स्नायू धड झालेच नाहीत."

"आणि त्या जनुकाला कोण उठवतं?"

"दुसरं जनुक."

"त्याला?"

"तेच शोधतोय, मावशी."

त्यांनी भुवईवरून बोट फिरवलं. "मग पुरतील का हो बाई, एवढे केस?"