मशाली विझवून पाहिलेला ठिपका
परवा आकाशात अंतराळस्थानकाचा ठिपका सरकताना दिसला आणि माझ्या नाकात घासलेटाचा वास भरला. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत परळला आमच्या चाळीतून मशाल मोर्चा निघत होता. समोर लाठ्या घेतलेले पोलीस. तेवढ्यात गच्चीवरून आई ओरडली, “अरे बगा, रशियाचो उपग्रह चललो!” मशालींच्या उजेडात खाली कुणालाच काही दिसेना, म्हणून सगळ्यांनी त्या चाळीसमोरच्या वाळूच्या ढिगात खुपसून विझवल्या. गिरणीच्या चिमणीवरून एक ठिपका न लुकलुकता निघाला होता. “पडत कसा नाही?” हवालदाराने हळूच विचारलं. “पडतोच आहे,” मोर्चातल्या शाळेच्या बाई म्हणाल्या, “पण तो जितका पडतो, तितकी खालची जमीनही पृथ्वीच्या गोलाईने वाकत जाते.” ठिपका दिसेनासा झाला तरी माना वरच होत्या. मग मशाली पुन्हा पेटवायला पहिली काडी ओढली, ती त्या हवालदाराने.