अंबक्काची बरी पर्स

बनशंकरीत अनुसूया कुणाच्या घरी गेली, की बायका आधी पर्स लपवायच्या आणि मग कॉफी विचारायच्या. तिला चटकच तशी लागली होती. जुनी पर्स, पट्टा, टाय, चष्म्याचं घर, काही दिसलं की तिला त्यात डायरीच दिसायची. चामडं सोलून पुठ्ठ्यावर चढवायचं, पानं जाड दोऱ्यानं शिवायची, वर बक्कल लावायचं. डायऱ्या देखण्या व्हायच्या, खोटं कशाला बोला. पण घरातल्या माणसांनी घालायचं काय? नवरा त्रिविक्रम एकदा यशवंतपूरच्या बाजारातून एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात स्वतःची पँट धरून आला, कारण त्याचा पट्टा सकाळीच एका डायरीला लागला होता. तिनं त्याला नाडा काढून दिला. नाड्याची डायरी होत नाही, तेव्हा निर्धास्त वापरा, म्हणाली.

फक्त एका पर्सला तिचा हात लागत नव्हता. ती अंबूबाईची, म्हणजे त्रिविक्रमच्या थोरल्या बहिणीची, सगळ्यांच्या अंबक्काची. टेलिफोन खात्यात लागली तेव्हा घेतलेली. काळी, ताठ, वर पितळी खटका. अक्का निवृत्त झाली, पर्स झाली नाही. देवळातसुद्धा मांडीवर. आणि अक्काचं तोंड म्हणजे काय सांगावं! लग्न होऊन आल्यापासून अनुसूयेनं केलेल्या कशालाही तिनं एकदासुद्धा बरं म्हटलं नव्हतं. सारात मीठ जास्त, रांगोळी वाकडी, डायऱ्या म्हणजे रिकामटेकडे उद्योग. अनुसूयेला ती पर्स हवी होती, पण त्याहून जास्त अक्काचा एक चांगला शब्द हवा होता.

होसकोट्याला चुलत घरातलं लग्न निघालं आणि नेमका पर्सचा खटका सैल झाला. अक्कानं पर्स भावाच्या हाती दिली. अनुसूयेला म्हणावं खटका घट्ट कर, बरी खटका, असा निरोप. या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली. कानडीत बरी म्हणजे नुसता. नुसता खटका, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं अक्काचं म्हणणं.

त्रिविक्रमनं घरी येऊन सांगितलं, "खटक्याचं काहीतरी म्हणाली. आणि बरी म्हणाली."

अनुसूयेनं पर्स त्याच्या हातातून ओढूनच घेतली. कानडीत बरी म्हणजे 'लिही' असंही होतं. पर्स पाठवायची आणि लिही म्हणायचं, म्हणजे डायरीच की! नक्की ना, तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. त्रिविक्रम नाड्याची गाठ सोडवण्यात गुंतला होता. सरी सरी, म्हणजे हो हो, म्हणाला.

इतकी सुंदर डायरी तिनं आजवर केली नव्हती. पर्सचा बंद तसाच ठेवला, आणि खटका? अगदी घट्ट केला.

लग्नाच्या सकाळी अक्का पर्स न्यायला आली. अनुसूयेनं डायरी पुढे केली. अक्कानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि पर्स कुठाय विचारलं. हीच, अनुसूया म्हणाली. मी बरी खटका म्हणाले होते, अक्का म्हणाली. त्रिविक्रम न्हाणीघरात शिरला आणि त्यानं आतून कडी लावली. अनुसूयेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्कानं डायरी उघडली. पहिल्या पानाशी रुमाल ठेवला, मध्ये कंगवा आणि गोळ्यांची पट्टी, शेवटी कुंकवाची डबी. मग गुडघ्याखाली दाबून खटका लावला. डायरी पुरीसारखी फुगली. ती मनगटाला अडकवून अक्का टॅक्सीत बसली.

मांडवात नवरीची मावशी राजलक्ष्मी हे काय म्हणून विचारू लागली. पर्स, अक्का म्हणाली, आणि पानं उलटत उलटत कुंकवापर्यंत गेली. राजलक्ष्मीनं हसू दाबलं. कशी काय आहे हो?

"बरी," अक्का म्हणाली.

शेजारी जेवणाऱ्या अनुसूयेचा घास हातातच राहिला. बरी म्हणजे कुठली? परतीच्या टॅक्सीत तिला दुसरं काही सुचेना. बनशंकरी आली, सगळे उतरले, तेव्हा तिनं धीर केला.

"अक्का, मघाशी बरी म्हणालात, ती मराठीतली की कानडीतली?"

अक्कानं खटका लागलाय का ते चाचपून पाहिलं.

"मराठीतली," ती म्हणाली. "पुन्हा विचारू नकोस."

अनुसूयेला रडूच फुटलं, भर रस्त्यात. त्रिविक्रमनं तिला धरायला दोन्ही हात पुढे केले आणि घाईघाईनं एक मागे घेऊन पँट सावरली.