बाजारच्या दिवशीची रांग

नवरा गेल्यानंतर घाटंजीतल्या त्या दोन खोल्यांत मी एकटीच राहायचे. घरात आवाज हवा म्हणून भांडी जरा जास्तच आदळायचे. जिनिंगमध्ये काट्यावर कापसाची वजनं लिहायची माझी नोकरी, आणि ती वर्षं कापसाची पार वाईट. गाड्या कमी यायच्या, काटा रिकामा असायचा. दिवसभर दोन शब्द बोलायला माणूस मिळायचा नाही.

अशात गावात नवी बँक आली. पगार तीन महिने खंड न पडता जिनिंगकडून थेट खात्यात आला, तर रेडिओ भेट. विकत घ्यायची ऐपत नव्हती, पण मला तो हवाच होता. संध्याकाळी घरात कुणीतरी बोलावं, बस्स.

आमचा आठवड्याच्या पगाराचा हप्ता मिळायचा बाजाराच्या दिवशी, रोख. एरवी आत कापूस निवडत बसलेल्या सगळ्या बाया त्या दिवशी दारापाशी रांगेत उभ्या राहायच्या, मुनीमजी एकेकीचं नाव पुकारायचे, आणि मग आम्ही मिळून बाजारात जायचो. भाजीवाल्याशी भांडायचं, भजी खायची, सासवांचा उद्धार करायचा. बँकेला त्या बाया काही बधल्या नाहीत.

"तुले कायले पायजे व बाई रेडिओ?" एक जण म्हणाली. "आम्ही बडबडतो थे कमी हाये काय?"

"घरी येता काय बडबडाले?" मी फणकारले.

माझा पगार खात्यात जाऊ लागला. पण एका बाजारच्या दिवशी पाय आपसूक रांगेकडे वळले. मुनीमजींनी माझे पैसे अजून बँकेत पाठवले नव्हते. त्यांनीही सवयीनं नाव पुकारलं, आणि मी हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी ते पैसे मीच नेऊन खात्यात भरले.

"मॅडम, हातानं भरलेला पगार धरत नाही," काउंटरवरचा म्हणाला. "आता पहिल्यापासून मोजा लागते."

मी स्वतःवरच भयंकर चिडले. मुनीमजींना बजावलं, "माहं नाव पुकारूच नका. मी समोर उभी राह्यली तरी."

त्यांनी शब्द पाळला. रांग लागली की मी काट्याच्या खोलीत बसून राहायचे. बाया खिडकीशी थांबून विचारायच्या, "येतं काय व?" खात्यातले पैसे दुसऱ्या दिवशी बँकेतून काढावे लागायचे, तोवर हातात रोख नसायची आणि उसने मागायची लाज वाटायची. "तुम्ही व्हा पुढं," म्हणायचे. हळूहळू त्या थांबेनाशा झाल्या.

हंगाम सरता सरता रेडिओ मिळाला. घरी आणून लगेच लावला. गाण्यांची फर्माईश करणाऱ्यांची नावं एक बाई गोड आवाजात वाचत होती. आर्णीचं कुणी, राळेगावचं कुणी. माझं नाव त्यात कुठून असणार? मी तर कधी पत्रही टाकलं नव्हतं. तरी कान देऊन ऐकत राहिले. नावं संपली, गाणं सुरू झालं, आणि मला रडू फुटलं. इतका वेळ मी रेडिओसमोर उभीच होते, रांगेत उभी राहायचे तशी.