भटूभाऊंच्या स्पोर्ट बाइकचं हँडल

गाडी खोलून पुन्हा जोडली की एखाद-दुसरा नट उरतोच. (गिऱ्हाइकांनी एवढं वाक्य सोडून वाचावं!) किस्सेही तसेच उरतात. गाडी जाते, गिऱ्हाईक जातं, किस्सा गॅरेजमध्येच राहतो. पांडेसऱ्यात गॅरेज टाकून मला चौदा वर्षं झाली, त्यामुळे माझ्याकडे बराच साठा आहे. आज फक्त भटूभाऊंचे सांगतो.

भटूभाऊ आमच्या अमळनेरकडचे. इथे डाइंग मिलमध्ये बारा तासांची ड्युटी. रंगवलेलं ओलं कापड मशीनमधून ओढून ट्रॉलीत टाकायचं, हे काम. वय त्रेचाळीस. इतक्या वर्षांत या माणसाने स्वतःसाठी काही म्हणून घेतलं नाही, आणि घेतली ती थेट लालभडक स्पोर्ट बाइक! सेकंडहँड होती, पण गल्लीत तिच्याइतकी देखणी दुसरी नव्हती.

*

पहिल्या दिवशी सुनंदा वहिनींनी गाडीला ओवाळलं, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला. भटूभाऊ ऐटीत ड्युटीला गेले.

आता ही गाडी चालवायची म्हणजे टाकीवर जवळजवळ पालथं पडून हँडल धरायचं. संध्याकाळी भटूभाऊ घरासमोर उतरले ते तसेच वाकलेले. जमिनीकडे बघत बघत दाराकडे निघाले. ओट्यावर बसलेल्या शेजारच्या जिजीने विचारलं, "काय धुंडी ऱ्हायना रे भटू? काही पडनं का?"

"हा जिजी," भटूभाऊ म्हणाले, "कंबर!"

*

पंधरा दिवसांत उजवं मनगट सुजलं. येता-जाता अंगाचा भार हातांवर, आणि मधले बारा तास ओलं कापड. डॉक्टरने मनगट दाबून बघितलं, मग भटूभाऊंकडे बघितलं.

"बाइक चलाते हो, या दंड पेलते हो?"

दवाखान्यातली सगळी रांग हसली. भटूभाऊही हसले. घरी मात्र कोणी हसलं नाही. सुनंदा वहिनींनी सरळ मुदत दिली. "एक महिना. सूज उतरनी ते ठीक. नही ते गाडी इकी टाका."

दुसऱ्या दिवशी भटूभाऊ माझ्याकडे आले आणि गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "दादा, मनी गाडी वाचाडा." मला खरंच वाईट वाटलं. माणूस आयुष्यात एकदा काहीतरी मागतो, आणि तेही त्याच्या मनगटाला झेपत नाही!

*

हँडल बदलायचं ठरलं. पण कोणतं? गॅरेजमध्ये पाच माणसं आणि सात मतं!

एकाने साध्या गाडीचं रुंद, उंच हँडल सुचवलं. मी ते धरून बघितलं. वळवलं की पुढच्या प्लॅस्टिकला अडायचं, आणि ब्रेकची नळी इतकी ताणायची की मलाच भीती वाटली. दुसरा म्हणाला, आहे त्याच हँडलला जाड ग्रिप लावा. आमचा शेजारी चहावाला कांतिभाई तर ग्लास विसळता विसळता गुजरातीत म्हणाला, "एना पर खुरशी मूकी दो ने, भटूभाई!" म्हणजे गाडीवर सरळ खुर्चीच ठेवा!

शेवटी मी ॲडजस्ट होणारं हँडल मागवलं. यात दोन हातांना दोन वेगळे दांडे असतात. बोल्ट सैल करून ते वर-खाली, आत-बाहेर, तिरके, हवे तसे फिरवता येतात. भटूभाऊंनी पार्सल दोन्ही हातांत धरून कपाळाला लावलं.

*

आता चूक माझी. हँडल बसवायला मी भटूभाऊंना सुटीच्या दिवशी बोलावलं. ते नऊ तास झोपून, अंघोळ करून, केसांना तेल लावून आले. गाडीवर ताठ बसले. मी दांडे लावले. "फर्स्टक्लास!"

दुसऱ्या दिवशी मनगट परत दुखायला लागलं.

पुढच्या सुटीला पुन्हा लावले. पुन्हा फर्स्टक्लास! पुन्हा दुखणं! महिन्यातले पंधरा दिवस असेच गेले, आणि मग माझी ट्यूब पेटली. मी सुटीच्या भटूभाऊंचं माप घेत होतो. गाडी चालवत होते ते ड्युटीचे भटूभाऊ. बारा तासांनी त्यांचे खांदे उतरतात, पाठ आखडते, हात लांब पोचत नाहीत. तो माणूसच वेगळा असतो!

म्हटलं, रात्रपाळी सुटली की थेट इकडे या. सकाळी आठला आले. हात कोपरापर्यंत राणी रंगाचे, डोळे अर्धे मिटलेले. म्हटलं, "भाऊ, डोळे मिटा आणि हात सोडा. पडतील तिथे पडू द्या." हात हवेत थोडे हलले आणि एका जागी थांबले. मी दांडे तिथे आणले. "जमतंय का?" मी विचारलं. बघतो तर गाडीवरच झोप लागलेली!

कांतिभाईने चहा आणला तो झाकून ठेवला. मीही पंधरा मिनिटं पाना खाली ठेवला.

*

माप बरोबर होतं, पण एक गोष्ट राहिली. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की हॉर्नचं बटण टाकीला दाबलं जायचं. भटूभाऊंच्या गल्लीचं वळण नेमकं तसलंच. रोज वळले की पीऽऽप!

मी दांडा जरासा बाहेर केला. हॉर्न बंद. दोन दिवसांनी वहिनींचा निरोप आला, "हॉर्न कसाले बंद करा? मी त्या आवाजवरच चहा ठेवू!"

*

महिना संपला त्या दिवशी दुपारी सुनंदा वहिनी स्वतः गॅरेजमध्ये आल्या. भटूभाऊ घरी झोपले होते. सर्व्हिसिंगसाठी गाडी माझ्याकडेच होती.

"वहिनी, विकायची ठरली का?"

"नही भाऊ. सूज उतरनी. ऱ्हाऊ द्या गाडी."

मी सुटकेचा श्वास सोडला. वहिनी मात्र जाईनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "उद्या कामरेजला बहीणकडे जाई ऱ्हायनूत. तेवढापुरतं हँडल एक बोट खाले करी द्या."

"खाली? भाऊंच्या हाताचं काय?"

"एकच दिन." मग त्या गाडीकडे बघत बोलल्या. "वीस वरीस सायकलवर, मंग मोपेडवर. मांगे बसीसन फक्त त्यासनी पाठ दखी. ह्या गाडीवर ते वाकनात, तव्हय माले पहिल्यांदा पुढला रस्ता दिखना. आते ते ताठ बसतस. परत पाठच!"

वहिनी निघताना म्हणाल्या, "त्यासले सांगू नका."

मी हँडल एक बोट खाली घेतलं. संध्याकाळी भटूभाऊ गाडी न्यायला आले. बसले, दांडे धरले आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मी फडक्याने हात पुसत राहिलो.

"सुनंदा येल व्हती का?"

मी मान हलवली.

"किती खाले करं?"

"एक बोट."

भटूभाऊ खाली उतरले आणि पाना उचलून माझ्या हातात दिला.

"आजून अर्धं बोट करा. बुटकी शे ती."