साडूंच्या गाडीचं डावं दार

जगातल्या खोट्या वस्तू हेरण्याचं काम देवानं एकाच माणसावर सोपवलं आहे आणि तो माणूस माझा थोरला साडू आहे. लातुरात त्यांची डाळमिल. मूठभर तूरडाळ हुंगून ती कुठल्या शिवारातली ते सांगतात, इथवर ठीक. पण नांदेडला आमच्याकडे जेवायला आले की आमटीचा भुरका मारून "ह्यो मसाला विकतचा हाय" असं चारचौघांत जाहीर करतात आणि पुढचे दोन दिवस माझी बायको माझ्याशी बोलत नाही. त्यांच्या चहावाल्याच्या मुलानं समोरच दुसरं दुकान काढलं, तीच पावडर, तोच हात. साडूंनी तिकडे पाऊल टाकलं नाही. मनगटावर मात्र वडिलांचं घड्याळ, ज्याचा पट्टा, तबकडी, काटे, आतलं यंत्र सगळं बदलून झालेलं. मी पडलो विज्ञान शिकवणारा. "यात अण्णांचं काय उरलंय?" असं एकदा विचारलंच. "धा मिनटं पुढं हाय नव्हं? ते अण्णांचं," म्हणाले.

या अण्णांकडे एका जहागीरदाराकडून घेतलेली विलायती स्पोर्ट्स कार होती. हिरवी, उघडी, दोनच माणसांची. उजव्या वळणावर तिचं डावं दार आपोआप उघडायचं, म्हणून अण्णा शेजारच्याला ते धरून बसायला लावत. कॉलेजात असताना साडूंनी ती न विचारता पळवली आणि विष्णुपुरीजवळ गोदावरीच्या पुरात घातली. स्वतः उडी मारून वाचले. गाडी सापडलीच नाही. अण्णा रागावले नाहीत, पण मरेपर्यंत त्यांनी गाडीचं नावही काढलं नाही. साडूंना तेच जाळत राहिलं.

अण्णांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. काकांनी शेतीचं वचन दिलं, बहिणीनं आईला सांभाळायचं दिलं. कावळा फांदीवर बसून एकट्या साडूंकडे पाहत होता. शेवटी ते पुढे झाले, हात जोडून पुटपुटले, "अण्णा, तुमची गाडी परत आनतो." मी मागेच उभा होतो, मला ऐकू आलं. कावळा लगेच खाली उतरला.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच विलायती कंपनीनं जुन्या आराखड्यांवरून तीच गाडी पुन्हा बनवायला घेतली. चासीचे जुने क्रमांक जिथं थांबले होते तिथून पुढचे क्रमांक घालून. साडूंनी मागवली. चाकाखाली लिंबं ठेवू देईनात. "नवी न्हाई ती, परत आलीय," म्हणून ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भाकरतुकडा ओवाळायला लावला. पण दार घट्ट बसत होतं. मिलच्या आवारात उजवीकडे गरागरा फेऱ्या मारल्या, तरी उघडेना. हमाल तोंडाला उपरणं लावून हसत होते. साडू उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "सर, वचन पुरं झालं का नक्कल आनून फसवलं मी त्यास्नी?" मी उगाच ते दार उघडून-लावून पाहिलं. एरवी मी त्यांची थट्टाच करतो.

पितृपक्षात अण्णांच्या तिथीला घास गच्चीच्या कठड्यावर ठेवला. कावळा आला, घासाकडे ढुंकून न बघता खाली अंगणातल्या गाडीवर उतरला. बॉनेटवरून चालला, काचेवर चोच आपटली, स्टिअरिंग निरखलं; चोखंदळ गिऱ्हाइकासारखा. मग डाव्या दारावर बसला. गाडी उभी, इंजिन बंद, किल्ली साडूंच्या खिशात. वाराही नव्हता. खट् आवाज झाला आणि दार सावकाश उघडलं. कावळा वर आला आणि घास घेऊन गेला.

उन्हानं पत्रा कसा फुगतो ते मी सगळ्यांना समजावून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं.

परवा साडू ती गाडी घेऊन नांदेडला आले. दोघांनाही भोकरला लग्नाला जायचं होतं. मी ऐटीत डाव्या बाजूला गेलो, तर म्हणाले, "सर, तुमी एस्टीनं या. जागा न्हाई."

डावी सीट रिकामी होती. मी हसलो, ते हसले नाहीत. गाडी निघाली आणि कोपऱ्यावर उजवीकडे वळली. डावं दार बोटभर उघडलं आणि आतून कुणीतरी ओढून घेतल्यासारखं परत लागलं. साडूंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

अंगावर काटा आला, नाही म्हणत नाही. पण एस्टी स्टँडकडे चालताना एवढंच वाटत राहिलं, की आता तरी अण्णा त्यांच्याशी गाडीबद्दल बोलत असतील.