खिळ्यावरचा डबा

सासूबाईंनी धान्याशिवाय भाजलेला पहिला पाव दुसऱ्या दिवशी कापला, तर आतून हिरवागार निघाला. शेवाळ धरल्यासारखा. मी सुरी हातात घेऊन तशीच उभी राहिले. आमच्या ह्यांनी लांबूनच पाहिलं आणि विचारलं, "आई, ह्याला रोज पाणी घालायचं का?"

सासूबाईंना हसू आलं नाही. बत्तीस वर्षं भट्टीपुढे काढलेल्या बाईचा पाव हिरवा व्हावा, हे त्यांना फार लागलं. पुढे कळलं, की सूर्यफुलाच्या बिया आणि सोडा एकत्र आले की असा रंग चढतो. अपाय काही नाही, लिंबू पिळलं की रंग धरत नाही. पण हे कळेपर्यंत सहा पाव झाले होते आणि सहाही त्यांनी एकटीने खाऊन संपवले. "अन्न टाकायचं नाही," एवढंच म्हणाल्या.

गल्लीत सगळे त्यांना भट्टीवाल्या आजी म्हणतात. सोळाव्या वर्षी एका बेकरीत साचे घासायला लागल्या आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुख्य कारागीर म्हणून बाहेर पडल्या. तिथे पहिल्याच दिवशी उस्तादांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. त्या ती अजून त्यांच्याच आवाजात सांगतात, "साचा दिसला की पिठी मार. विचार करत बसू नकोस, मार!" तासाला दोनशे साचे पुढून सरकायचे. विचार करायला वेळ कुणाला होता?

लग्न होऊन मी घरात आले तेव्हा मला अंडं फोडायचीही भीती वाटायची. मी टपाल कचेरीत खिडकीवर बसते. हे लिफ्टच्या दुरुस्तीला जातात, कुणी कुठे अडकलं की जेवणावरून उठतात. थोरली आठवीत, धाकटी सात वर्षांची. अशा घराचं पोट सासूबाईच चालवतात. त्यांचा नियम साधा : "बाजारात ज्याचा ढीग मोठा, ते आपलं." थंडीत गाजर, बीट, मटार. उन्हाळ्यात दुधी, काकडी, डागाळलेली केळी. पावसाळ्यात भोपळा आणि रताळी. रविवारी आणि बुधवारी भाजणं व्हायचं, बाकीचे दिवस त्यावर निघायचे.

धाकटीला आम्ही मुंगी म्हणतो. लाडाने म्हणायला लागलो होतो, नंतर ते नाव उच्चारताना जीभ अडखळायला लागली, कारण पोर वाढेचना. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी निदान केलं. गहू आणि त्याच्या भावकीतली धान्यं हिच्या आतड्याला सोसत नाहीत. जन्मभर नाहीत. "घासाचं सोडा, कणसुद्धा नको," त्या म्हणाल्या.

घरी येताच सासूबाईंनी निकाल लावला. "मग धान्यच नको. गिरणीत सगळ्या गावाचं एकाच जात्याखाली दळतात. कुणाचं काय कुणात मिसळलंय, देव जाणे. आजपासून सगळ्यांनाच बंद."

"सगळ्यांना?" ह्यांनी विचारलं.

"पोरगी एकटी वेगळं ताट घेऊन बसणार? तुला लाज वाटत नाही?"

"अगं आई, मी कुठे नाही म्हणतोय? फक्त बिया खाऊन खाऊन मला पंख फुटले तर लिफ्टची गरज राहायची नाही, एवढंच."

त्याच दिवशी आम्ही सासूसुनांनी स्वयंपाकघर उपसलं. पिठाची कोठी खालच्या मजल्यावर देऊन टाकली. चाळणी, लाटणं, लाकडी पळ्या दिल्या. फळ्या गरम पाण्याने तीनतीनदा पुसल्या, साचे आणि मिक्सरचं भांडं नवं आणलं. हिरव्या पावांचा तो आठवडा सरला, आणि मग सासूबाईंचा हात बसला. भोपळा वाफवून फडक्यात पिळायचा, भाजलेले शेंगदाणे आणि बिया जाडसर दळायच्या, जवस भिजवून त्याचा चिकटा घ्यायचा, अंडी फेसून हलक्या हाताने मिसळायची. पाव असा फुलायचा, की खालच्या मजल्यावरची वहिनी वास घेत वर यायची.

आणि मुंगी मात्र होती तिथेच. आठ महिने झाले, नऊ झाले. शाळेचे बूट सलग दुसऱ्या वर्षी तेच होत होते. बुटांच्या दुकानदाराने तिची टाच दाबून पाहिली, म्हणाला, "वा, ताई, यंदा तुमचा खर्च वाचला!" मला तिथेच रडू कोसळलं.

अकराव्या महिन्यात रक्ताचा अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हिच्या पोटात अजून गहू जातोय. कोण देतंय?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या घरी आल्यावर. "आईची माया आंधळी असते. एखादं बिस्किट तुझ्याच हातून गेलं असेल. मागेही गेलं होतं." मागे गेलं होतं, हे खरं. निदान झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात, एका वाढदिवसाला. त्या एका बिस्किटावरून मी वर्षभर टोमणे ऐकत होते. मग मी शाळेत जाऊन आले, बाईंना विचारलं, दप्तर झाडलं, शेजारच्या मुलांची उलटतपासणी घेतली. काही सापडेना, तेव्हा एका संध्याकाळी मुंगीचे दोन्ही दंड धरले.

"खरं सांग. काय खातेस बाहेर?"

"काही नाही."

"खोटं नाही चालायचं."

"आई, शप्पथ. मी फक्त आजीचा पाव खाते."

मी तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. आतल्या खोलीतून सासूबाई धावत आल्या, तिला कडेवर घेतलं, "नको गं रडू, पोट दुखतंय ना? दुसरं काही खाऊ नकोस, आजीचा पावच खा हं," म्हणाल्या आणि तिच्या हातात जाड काप दिला. पोर हुंदके देत तो खात होती. रोज दिवा लावताना मी देवाजवळ मागत होते, की बाबा रे, कळू दे, कुठून जातंय ते. आता वाटतं, तो तिच्याच तोंडून सांगत होता. ऐकणाऱ्यांचे कान कुठे होते?

थोरलीला शाळेतून एक काम मिळालं होतं : घरातल्या एका माणसाचं काम तीन मिनिटांत चित्रित करून आणा. तिने आजीला धरलं. बुधवारी सासूबाई चांगलं पातळ नेसून, केस विंचरून ओव्हनपुढे उभ्या राहिल्या. रविवारी जेवणं झाल्यावर थोरलीने ते टीव्हीवर लावलं आणि आम्ही पाचही जण समोर बसलो.

सासूबाई पडद्यावर फार छान दिसत होत्या. एकीकडे भोपळा पिळताहेत, एकीकडे बोलताहेत. शेवटी तर ऐटीत मान वर करून म्हणाल्या, "आमच्या घरात गव्हाचा कण सापडायचा नाही. सापडला तर माझं नाव बदला!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मुंगीने शिट्टी मारायचा प्रयत्न केला, नुसती हवाच निघाली.

"परत लाव गं," सासूबाई म्हणाल्या. "मागून केस सुटले होते का, बघू दे."

"आजी, तू हिरॉईन आहेस का?"

"तुझ्या आजोबांना विचारायला हवं होतं. लाव मुकाट्याने."

थोरलीने परत लावलं. भोपळा, फडकं, अंडी. "गव्हाचा कण सापडायचा नाही," पडद्यावरच्या सासूबाई बोलत होत्या. हे एकदम पुढे वाकले.

"थांबव. मागे घे थोडं. अजून थोडं. आता हळू लाव."

दिवसभर यंत्राचा कोणता दात कुठे अडतो ते पाहणारा माणूस. त्यांची नजर तोंडावर नव्हतीच, हातावर होती. आता आम्हीही हात पाहिला. सासूबाईंचा उजवा हात, त्यांचं बोलणं चालू असताना, न बघता बाजूला गेला. ओव्हनशेजारच्या खिळ्यावरून एक छोटा डबा उचलला. झाकणाला भोकं असलेला. साच्यावर दोनदा आपटला. टक, टक. पांढरं काहीतरी भुरभुरलं. हाताने साचा गोल फिरवला, उलटा करून झटकला आणि डबा परत खिळ्याला अडकवला. तेवढ्यात तोंड म्हणत होतं, "सापडला तर माझं नाव बदला!"



"आजी," मुंगी म्हणाली, "हे काय टाकलंस?"

"कुठे काय?" सासूबाई पडद्याकडेच बघत होत्या. "मी नाही काही टाकलं. हा माझा हातच नाही."

"आई, बांगडी तुझीच आहे," हे अगदी हळू म्हणाले.

त्या उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, आम्ही मागोमाग. खिळ्यावरून डबा काढला, तळहातावर आपटला, जिभेच्या टोकाला लावून पाहिलं. ज्या बाईला जिभेवर पीठ ठेवून नवं-जुनं सांगता येतं, तिला आणखी कुणी सांगायची गरज नव्हती. त्या भिंतीला टेकल्या आणि तशाच खाली बसल्या.

पाव साच्याला चिकटू नये म्हणून मारायच्या गव्हाच्या पिठीने वर्षापूर्वी काठोकाठ भरलेला तो डबा. एका वेळी जेमतेम चिमूटभर जायचं, म्हणून संपला नव्हता. ओव्हनच्या धगीने पीठ कोरडं राहिलं, किडा लागला नाही. आठवड्यातून दोनदा, अकरा महिने. त्यांच्या लेखी ते पीठ नव्हतंच. चिमटा असतो, झारा असतो, तसं ते भट्टीवाल्याचं अवजार. डॉक्टरीणबाईंना पुढे सांगितलं, तेव्हा त्याही कपाळाला हात लावून बसल्या. त्यांनी आमची सामानाची यादी तीनदा तपासली होती. साच्याला मारायची पिठी यादीत कोण लिहितं?

"माझ्या हाताने," सासूबाई म्हणत होत्या. "माझ्या हाताने दिलं गं पोरीला. आणि बोल तुला लावले."

खरं सांगते, माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. एका बिस्किटाचं वर्ष. मी तोंड उघडलंही. आणि त्याच क्षणी डब्याच्या बुडाला एक निळा ओरखडा दिसला. तो ओरखडा मी पूर्वी पाहिला होता. स्वयंपाकघर उपसलं त्या दिवशी तो डबा मीच खिळ्यावरून काढला होता, ओल्या फडक्याने बाहेरून लख्ख पुसला होता आणि परत खिळ्याला लावला होता. आत काय आहे, हे हलवूनही पाहिलं नव्हतं.

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. "आई, हा डबा मी पुसून ठेवलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझा हात धरला, आणि आम्ही दोघी त्या पांढऱ्या भुकटीकडे नुसत्या बघत राहिलो. मुंगी मधे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, मी फक्त आजीचाच पाव खाते म्हणून?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशीपासून सासूबाईंनी ओव्हनला हात लावला नाही. "ह्या हाताचा भरवसा नाही," म्हणायच्या. नुसत्या भाज्या उकडायच्या, त्याही माझ्या देखत. ओव्हन घासून, साचे पुन्हा नवे आणून मीच दोनदा पाव केला. ह्यांनी तो टेबलावर ठोकला आणि म्हणाले, "लिफ्टखाली टेकू म्हणून न्यावा म्हणतो." सासूबाईंना आतल्या आत हसू येत होतं, पण जागच्या उठल्या नाहीत. सहा आठवडे असे गेले.

सातव्या रविवारी मुंगीने स्टूल ओढलं आणि ओव्हनशेजारी मांडून त्यावर चढली. "आजी, तू कर. मी तुझा हात बघते."

"नको बाळा."

"आईचा पाव मी नाही खाणार. उपाशी मरेन."

मला राग यायला हवा होता. सासूबाई उठल्या. भोपळा पिळला, जवस भिजवले, अंडी फेसली. साच्यात कागद घातला. आणि बोलता बोलता त्यांचा उजवा हात न बघता बाजूला गेला. सरळ खिळ्याकडे.

"हात!" मुंगी ओरडली.

डबा तिथे नव्हता, तो केव्हाच कचऱ्यात गेला होता. बोटं रिकाम्या खिळ्याला लागली आणि सासूबाई विस्तवाला हात लागल्यासारख्या मागे सरकल्या. सगळं कळूनसुद्धा हात गेला होता. त्या इतक्या घाबरल्या, की पाव मुंगीलाच ओव्हनमध्ये ढकलावा लागला. पुढचे चार महिने असंच चाललं. दर रविवारी आणि बुधवारी स्टूल, आणि दर वेळी एकदा तरी, "आजी, हात!"

परवा मी कचेरीतून आले, तर मुंगी दारातच बसून बुटाशी झटापट करत होती. "आई, टोचतात. बोटं दुमडतात." मी दाबून पाहिलं. अंगठा पार पुढे टेकला होता. मी तिथेच पायरीवर बसून देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी नवे बूट आणले. संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरले आणि जागीच थबकले. आमच्या घरात पायताण घालून स्वयंपाकघरात जायची कुणाची बिशाद नाही. एकदा हे चुकून गेले, तर सासूबाईंनी सगळी फरशी पुन्हा धुतली होती. आणि त्या दिवशी ओव्हनशेजारच्या त्या खिळ्यावर, धुऊन उन्हात वाळवलेला, नाडी बांधलेला, मुंगीचा जुना बूट लटकत होता.

"आई, हे काय?"

"असू दे," सासूबाई साच्यात कागद बसवत म्हणाल्या. "पोरगी काय रोज स्टुलावर उभी राहणार? तिला अभ्यास आहे. हात जायचा तिथे जाईलच. गेला की ह्याला लागेल."

आणि बोलता बोलता गेलाच. बुटाला लागला. बूट झुलला. सासूबाई दचकल्या, त्याला हाताने स्थिर केलं आणि भोपळ्याचं पातेलं पुढे ओढलं.