टोस्ट्रुडांच्या घरचा गॅस कुठे गेला

व्हर्लिन टोस्ट्रुड आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतो. छत्तीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली आणि मिनेसोटाच्या बर्फात एकदाही ती रस्त्याखाली घातली नाही. माणूस सरळ, चर्चमधलं जेवण झालं की कुणी न सांगता भांडी घासायला उभा राहणारा. फक्त हिवाळ्यात त्याच्या घरी गेलं की कोट काढायचा नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. घराच्या उबेचं बटण, म्हणजे थर्मोस्टॅट, साठाच्या वर नेणं ही त्याच्या मते चैन. साठ फॅरनहाइटमध्ये, म्हणजे सोळाएक सेल्सिअसमध्ये, माणूस मरत नाही, पण बसल्या बसल्या नाक गार पडतं आणि कॉफी बोलता बोलता थंड होते.

त्याची बायको आर्डिस हे सगळं हसून सांगते. "आईनं बजावलं होतं मला, टोस्ट्रुडांच्या घरात पडलीस तर लग्नाच्या झग्यावर स्वेटर चढवावा लागेल. मला वाटलं, थट्टा करतेय."

चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात या काटकसरी घराचं गॅसचं बिल एकदम दीडपट झालं. व्हर्लिनला आधी मीटरचा संशय आला. घरामागे बादली उपडी घालून, तिच्यावर बसून तो मीटरचे आकडे बघत राहिला. बाहेर शून्याखाली पंधरा. आर्डिसनं खिडकीतून दोनदा कॉफीचा पेला दाखवला, तेव्हा कुठे तो आत आला. मीटर ठीक होता.

मग संशय आर्डिसवर आला. मी बाहेर गेलो की ही बटण वर नेते, असं त्यानं ठरवून टाकलं आणि बाजारातून प्लॅस्टिकची एक कुलूपबंद पेटी आणून थर्मोस्टॅटवर स्क्रूनं बसवली. किल्ली स्वतःच्या जुडग्यात. दुसऱ्या दिवशी तो चर्चच्या अंगणातला बर्फ काढायला गेला, तेव्हा आर्डिसनं फ्रीजरमधली मटारची पिशवी काढली आणि पेटीवर टांगली. थर्मोस्टॅटला वाटलं, घर गोठलं. तळघरातली घर तापवणारी गॅसची भट्टी दुपारभर धडधडत राहिली आणि आर्डिस अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये विणत बसली. व्हर्लिन परत आला तो दारातच घामाघूम झाला.

रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी तो ती मटारची पिशवी पुरावा म्हणून घेऊन आला. लोकांनी पोटभर हसून घेतलं. पाद्रीबाईंनी पिशवी हातात घेऊन, यात नेमका कुणाचा दोष ते आपल्याला सांगता येणार नाही, असा निवाडा दिला. पण व्हर्लिनच्या दृष्टीनं चोर सापडला होता.

जानेवारीचं बिल आलं ते डिसेंबरच्याही वर. एका दुपारच्या मटारानं एवढं होत नाही, हे त्यालाही कळत होतं. तो गॅस कंपनीच्या कचेरीत गेला. तिथल्या मुलीनं त्याचं मागच्या वर्षीचं आणि या वर्षीचं बिल शेजारी शेजारी ठेवलं. गॅसचा दर वाढला आहे, थंडी जास्त आहे आणि या वेळचं बिल चार दिवस जास्तीचं आहे, असं तिनं शांतपणे समजावलं. व्हर्लिन म्हणाला, मग मी निघतो. तेव्हा ती म्हणाली, "थांबा ना मिस्टर टोस्ट्रुड. हे सगळं धरलं तरी निम्मीच वाढ जुळते. उरलेला गॅस तुमच्याच घरात जळलाय. कुठे, ते तुम्हाला शोधावं लागेल."

हे त्याच्या फार मनाला लागलं. घरी येऊन त्यानं खिडक्यांच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या, दाराखाली घोंगडी लावली. आर्डिसनं विचारलं, आता मी आत राहायचं की बाहेर, तेवढं आधी सांग.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे केक द्यायला गेले. वाटेत दिसलं ते असं: सगळ्या गावात कमरेएवढा बर्फ, आणि यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून हातभर रुंद पट्टा कोरडा. त्यात काळी माती आणि मातीतून वर आलेली, एरवी एप्रिलात दिसणारी ट्यूलिपची हिरवी टोकं. जानेवारीत. मी व्हर्लिनला सांगितलं तर तो खुलला. या वर्षी खत आपण स्वतः तयार केलंय, म्हणाला.

मला काही ते पटलं नाही. मी घरी जाऊन रेनो काँगसला फोन केला. रेनो गावातल्या निम्म्या भट्ट्या दुरुस्त करतो, आणि बोलतो वर्षातून तीनदा. तो आला, ट्यूलिपकडे बघितलं, व्हर्लिनकडे बघितलं आणि भिंतीतली झडप उघडून निजायच्या खोलीखालच्या पोकळीत पोटावर सरपटत शिरला. ती खोली व्हर्लिननं स्वतः मागाहून बांधलेली. पाच मिनिटांनी रेनोचं डोकं बाहेर आलं, लालबुंद.

"आत सॉना आहे," तो म्हणाला. "टॉवेल द्या."

भट्टीतून निजायच्या खोलीकडे गरम हवा नेणारा पत्र्याचा नळ सांध्यातून निखळून पडला होता. तीन महिने तो मातीवर हवा फुंकत होता. वरच्या खोलीच्या जमिनीला व्हर्लिननंच थंडी अडवायला खालून जाड अस्तर ठोकलेलं, त्यामुळे ती ऊब वर यायलाही जागा नव्हती. नळाशेजारी उन्हाळ्यात खिडक्यांना लावायच्या डासांच्या जाळ्या रचलेल्या होत्या. त्या ऑक्टोबरात तिथे कुणी नेऊन ठेवल्या, हे विचारायची गरज पडली नाही. सरपटताना बुटाची टाच नळाला लागली असणार.

रेनोनं नळ बसवला, सांध्याला पत्र्याची पट्टी आवळली. मग त्यानं सहज आर्डिसला विचारलं की खोली गार पडलेली कळली नाही का. ती काही बोलायच्या आत व्हर्लिनचा चेहरा उतरला. नोव्हेंबरात ती त्याला म्हणाली होती, खोलीतल्या गरम हवेच्या झरोक्यातून वारा येत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाली होती. दोन्ही वेळा त्यानं तिला जाड पायमोजे घालायला सांगितलं होतं. ती सगळा हिवाळा दोन गोधड्या घेऊन झोपली होती.

व्हर्लिन आत गेला, मागोमाग आम्ही तिघं. त्यानं जुडग्यातून किल्ली काढली, पेटी उघडली आणि भिंतीवरून तिचे स्क्रू एकेक करून सोडवले. पेटी काढून झाल्यावर तो आर्डिससमोर आला.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"हो," आर्डिस म्हणाली. "दोनदा."

"ऐकायला हवं होतं मी."

आमच्याकडचे हे पुरुष लग्नात सुद्धा याहून जास्त बोलत नाहीत. आर्डिसनं त्याच्या शर्टावर पडलेला भिंतीचा भुगा झटकला आणि सगळ्यांना कॉफी प्यायला बसवलं. थर्मोस्टॅट तिनं स्वतःच्या हातानं सहासष्टावर नेला. व्हर्लिन बघत राहिला आणि फक्त एकदा खाकरला.

फेब्रुवारीचं बिल उतरलं. आधीच्या वर्षाएवढं नाही, कारण दर तर खरोखरच वाढला होता आणि थंडीही हटली नव्हती. ट्यूलिप मात्र ऊब जाताच आठवडाभरात काळे पडले, आणि खताचं नाव व्हर्लिननं पुन्हा काढलं नाही.

आता गावात कुणाचं बिल चढलं की लोक त्यालाच बोलावतात. तो विजेरी घेऊन येतो, बूट दाराशी काढतो. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे आला, तेव्हा माझा नवरा त्याला बिलं दाखवायला पुढे सरसावला. व्हर्लिननं ती बाजूला ठेवली, माझ्याकडे वळला आणि विचारलं, "तुला कुठल्या खोलीत थंडी वाजते?"